लहान गाडी, लांबचा रस्ता



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या गावांतून दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक, आपली तोड कधी येणार. आणि दुसरा, पहिल्या उचलीत काय काय भागवायचे. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, घराचे राहिलेले बांधकाम, पोरीचे लग्न. अलीकडे या यादीत आणखी एक बाब वाढली आहे. घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा असला की तो म्हणतो, मोठी मोटारसायकल घ्या. आमच्या घरीही हा प्रश्न निघाला. पुतण्या म्हणाला, "नाना, आपली हंड्रेड रानात जायला ठीक हाय. पण हायवेला शंभर सीसीवर कोण जातंय? लांब गेलं की इंजिन बसतंय."

मी म्हणालो, "ही हंड्रेड कोईमतूरला जाऊन आली, तवा तू कुठं हुतास?"

त्यावर तो हसून म्हणाला, "तवा तुमचं नशीब चांगलं हुतं."

पोराचे हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. दोन हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात नशीब किती होते आणि रीत किती होती, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. तोच येथे मांडत आहे. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या दारात अशीच लहान गाडी उभी आहे, आणि आपली मुले त्याच गाड्यांवरून पुण्याला, बेळगावला, पंढरपूरला जातात. तेव्हा हा विषय माझ्या एकट्याचा नाही.

प्रथम इंजिनाविषयी. माझी गाडी २००९ सालची हिरो होंडा आहे. इंजिन ९७ सीसीचे, ताकद सात-आठ हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीएवढीच. ती मोटर लाईट असेल तेव्हा सलग आठ तास चालते की नाही? फार वेळ चालली म्हणून ती जळत नाही. जळते ती कमी व्होल्टेजवर ओढली तर, पाणी गेल्यावर कोरडी फिरली तर, किंवा ताकदीबाहेरचे ओझे घातले तर. मोटारसायकलचेही तसेच आहे. पूर्वी राजदूत, येझदी या गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालावे लागे. १९८५ साली चार स्ट्रोकची शंभर सीसी हिरो होंडा आली आणि खेड्यातल्या माणसाला थोड्या पेट्रोलवर लांब जाणारे वाहन मिळाले. या इंजिनाला अंतराचे भय नाही. त्याला भय आहे ते तासन् तास मूठ पूर्ण पिळून पळवण्याचे, ऑईल कमी असण्याचे, आणि मागे दोन माणसे व पुढे पोते घालण्याचे. हे इंजिन वाऱ्याने थंड होते, पाण्याने नव्हे. म्हणून त्याला दम खाऊ द्यावा लागतो. एवढीच त्याची अट.

आता कोईमतूरला कशासाठी गेलो ते सांगतो. आपले वडीलधारे को ४१९ आणि को ७४० लावत. आपण को ८६०३२ लावतो. या 'को'चा अर्थ कोईमतूर. १९१२ साली तेथे उसाच्या नव्या जाती तयार करणारी संस्था निघाली. ज्या ऊसबियाण्यावर आपले घर चालले त्याचे माहेर एकदा पाहावे, असे फार दिवस मनात होते. २०२२ च्या नोव्हेंबरात तो योग आला. माझी तोड जानेवारीत होती. संस्थेला आधी पत्र पाठवून परवानगी घेतली आणि निघायचे ठरवले. रेल्वेने का गेलो नाही? खरे सांगायचे तर वाटेतली शेती बघत जायचे होते, आणि थोडी हौसही होती. हौस नव्हती असे म्हटले तर घरची मंडळीच हसतील.

फिटरकडे गाडी दोन दिवस ठेवली. ऑईल बदलले. चेन, दोन्ही टायर आणि ब्रेकचे लायनर नवे घातले. मागचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा दोन्ही लागतात का ते रात्री तपासले. सोबत एक ट्यूब, प्लग, क्लच आणि अॅक्सिलेटरची केबल, व पाने घेतले. फिटर म्हणाला, "नाना, गाडी जाईल. तुमची कंबर जाईल का ते बघा." त्याचे म्हणणे अगदी खरे निघाले.

जाताना तीन मुक्काम केले. पहिल्या दिवशी कागलपासून महामार्ग धरला. निपाणी, बेळगाव, हुबळी, हावेरी करत दावणगिरी. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर ओलांडून होसूर. तिसऱ्या दिवशी कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम आणि दुपारनंतर कोईमतूर. एका बाजूचे अंतर हजाराच्या थोडे आत. जाऊन-येऊन तेहतीस लिटर पेट्रोल लागले. लिटरला साठाच्या आसपास पडले. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, हेही गरिबाच्या पथ्यावर पडते.

वेग मी पन्नास ते पंचावन्न ठेवला. गाडी ऐंशीला जाते, पण जाते म्हणून न्यायची नसते. सहा वाजता निघायचे, दर तासाला दहा मिनिटे थांबायचे, चहा-पाणी घ्यायचे, पाय मोकळे करायचे. या थांब्याने इंजिन निवते ते निवतेच, पण त्याहून जास्त माणूस निवतो. दोन-अडीच तास सलग बसले की हात बधिर होतात, डोळा जड होतो आणि समोरचे दिसूनही मेंदूपर्यंत पोहोचत नाही. दुपारी पोटभर जेवायचे नाही, अर्धेच जेवायचे. दावणगिरीचा लोणी डोसा मी मुक्कामाला पोचल्यावरच खाल्ला, आणि मग दोन खाल्ले.

पन्नासच्या वेगाचा एक तोटा आहे, तो लपवणार नाही. चौपदरी रस्त्यावर मोटारी शंभरने येतात. धोका पुढून कमी आणि पाठीमागून जास्त असतो. म्हणून डावी कड धरून सरळ रेषेत चालायचे, आरशात सतत पाहायचे आणि एकदम आत-बाहेर करायचे नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की त्याचा वारा आपली हलकी गाडी आधी ढकलतो आणि मग ओढतो. चित्रदुर्गाच्या बाजूला डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या तेथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत, हे दुचाकीवाल्याला लगेच कळते. अशा वेळी हँडल घट्ट आवळून धरले तर गाडी जास्त हलते. हात सैल ठेवून वेग थोडा कमी करावा.

ओलांडून पुढे जाण्याचा हिशेब प्रत्येक मुलाने एकदा कागदावर करावा. समोरचा ट्रक पन्नासने चालला आहे आणि आपण साठने त्याला मागे टाकू पाहतो. फरक तासाला दहा किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास. ट्रकची लांबी आणि मागचे-पुढचे सुरक्षित अंतर धरले तर चाळीस मीटर जास्त कापायचे. त्याला चौदा-पंधरा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपण एका फर्लांगाहून जास्त रस्ता समोरून येणाऱ्यांच्या बाजूने चाललेलो असतो. समोरचे वाहनही तेवढ्यात आपल्याकडे येत असते, म्हणून दुपदरी रस्त्यावर याच्या दुपटीहून बराच जास्त रस्ता मोकळा दिसत असेल तरच बाहेर निघावे. नाही तर ट्रकच्या मागे राहावे, पण धूर खाण्याइतके जवळ नाही. लहान गाडीवाल्याला धीर हाच जादा गिअर.

धर्मपुरीकडून सेलमला जाताना तोप्पूरचा घाट लागतो. अपघातांसाठी तो बदनाम आहे. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची आपल्याकडे वाईट खोड आहे. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापले की ब्रेक धरत नाहीत. मी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर, हळूहळू उतरलो. पुढे सेलमला पाऊस लागला. तमिळ मुलुखात नोव्हेंबर हा पावसाचाच महिना. पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटे रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण डांबरावर सांडलेले तेल पाण्यावर तरंगते. तेवढा वेळ एका टपरीत थांबलो. टपरीवाल्याला माझी भाषा येईना, मला त्याची. मी पाण्याने बाकावर ऊस काढून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "करुंबू." वाटेत कर्नाटकात 'कब्बू' शिकलो होतो, येथे 'करुंबू' झाला. उसाचा धंदा करणाऱ्याला परका मुलूख असा नाहीच.

सांगलीसारखीच हळदीची पेठ असलेल्या इरोडच्या बाजूने पुढे गेलो आणि कोईमतूर गाठले. संस्थेत काय पाहिले ते स्वतंत्र लिहावे लागेल. येथे एकच सांगतो. आपल्याकडे उसाला तुरा आला की आपण कपाळाला हात लावतो, वजन घटले म्हणतो. तेथे तुऱ्यालाच मान. कोईमतूरच्या हवेत ऊस चांगला फुलतो आणि त्याला बी धरते, म्हणूनच जाती तयार करण्याचे काम तेथे सुरू झाले. ते तुरे पाहून कंबरेचे दुखणे वसूल झाले.

येथपर्यंत पुतण्याला मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो की, बाबा रे, हे नशीब नव्हते, ही रीत होती. पण परतीच्या शेवटच्या दिवशी काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाही तर हा लेख खोटा ठरेल.

त्या दिवशी दावणगिरीहून निघालो. हुबळीच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. ट्यूब सोबत होती, पण चाक खोलणारा मिळेपर्यंत दोन तास मोडले. निपाणीला आलो तेव्हा दिवस कलला होता. सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही हा माझा नियम मी सहा दिवस पाळला होता. त्या नियमाने निपाणीतच मुक्काम करायला हवा होता. पण घर जवळ आले की माणूस नियम मोडतो. म्हटले, आता किती राहिले! महामार्ग सोडून आपल्या नेहमीच्या रस्त्याला लागलो. रोजचा रस्ता, खड्डा न् खड्डा पाठ. वेग पन्नास-पंचावन्न. समोरून एक ट्रॅक्टर आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले. तो पुढे सरकला आणि काळोखात पुढे कोणाच्या तरी हातातल्या मोबाईलचा उजेड जमिनीलगत हलला. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरत, वाकडी होत थांबली, तेव्हा उसाची वाढी माझ्या हेल्मेटच्या काचेला लागली होती.

उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. टायर फुटला होता. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला तेवढा दगड लावलेला. खाली बसून जॅक लावणाऱ्या पोराने त्याच क्षणी मोबाईल हलवला म्हणून मी आज हे लिहीत आहे. ड्रायव्हर धावत आला. कोवळाच होता, त्याचेही हातपाय कापत होते. म्हणाला, "मालक, दिवा हुता, मागच्या खेपेला फुटला." ऊस आपल्याच कारखान्याला चालला होता. दोन हजार किलोमीटर, तीन राज्ये, घाट, पाऊस, वारा यांतून सुखरूप आलेला माणूस आपल्या गावापासून चार कोसांवर, आपल्याच उसाखाली जाणार होता.

या ठिकाणी पुतण्याचे म्हणणे मला मान्य आहे. येथे रीत नव्हती. निव्वळ नशीब होते. आणि येथे माझ्याकडे साडेतीनशे सीसीची गाडी असती तर? मी जास्तच वेगात असतो. मोठे इंजिन अंधारात जास्त पाहत नाही. ताशी ६० च्या वेगाने आपण एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जातो. समोर काही आहे हे मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद संपतो. मग पुढे गाडी थांबायला आणखी तितकाच किंवा त्याहून जास्त रस्ता लागतो. डोळे दिपलेले असताना बिनदिव्याची ट्रॉली इतक्या लांबून दिसत नाही. म्हणजे हा अपघात वेग, धीर, हुशारी यांपैकी कशानेच पुरता टळत नाही. तो टाळणे ट्रॉलीवाल्याच्या हातात आहे, आणि ट्रॉली भरून देणाऱ्याच्या.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने २०२२ सालचे आकडे दिले आहेत. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ७४ हजार ८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली ५० हजार २९, आणि त्यांपैकी १४ हजार ३३७ मागे बसलेली. मागे कोण बसते? आपली बायको, आई, बहीण. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या आईच्या डोक्यावर पदर, हे दृश्य आपल्याकडे रोजचे आहे. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे, आणि रस्ताही दोघांना सारखाच कठीण लागतो.

जानेवारीत माझी तोड आली. ट्रॉली भरायला उभी होती. आजवर मी ट्रॉलीकडे पाहायचो ते किती टन बसतील एवढ्यासाठीच. त्या दिवशी मागे जाऊन पाहिले. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. इतकी वर्षे माझा ऊस असाच अंधारातून जात होता, आणि मी एकदाही पाहिले नव्हते. म्हणजे त्या रात्रीचा ड्रायव्हर जेवढा दोषी, तेवढाच मीही. मी टोळीला थांबवले, गावातून लाल चमकती पट्टी आणून लावली, मगच मोळ्या चढल्या. अर्धा तास गेला. टोळीचा मुकादम कुरकुरला, पण दुसऱ्या खेपेला त्यानेच पट्टीवरची धूळ पुसली.

सभासद बंधूंनो, माझी सूचना साधी आहे. आपल्या फडात येणारी ट्रॉली, टायरगाडी, बैलगाडी मागून पाहिल्याशिवाय भरू देऊ नका. पट्टी नसेल तर लावा. साखरेच्या एका पोत्याच्या किमतीत कितीतरी गाड्यांना पट्टी लागते. वाटेत गाडी बंद पडली तर मागे बऱ्याच अंतरावर झाडाची डहाळी आणि उजेड ठेवायला ड्रायव्हरला बजावा, आणि निघताना चाकाचा दगड उचलायला सांगा. तो दगड रस्त्यात राहिला तर पहाटे दूध घालायला निघालेल्या पोराचा घात करतो. कारखान्याच्या व्यवस्थापनालाही विनंती आहे की, हंगामाच्या आरंभी पट्ट्या वाटण्यावर थांबू नये. मागचा दिवा व पट्टी नसलेल्या वाहनाला गव्हाणीवर नंबर देऊ नये. एक-दोन दिवस आरडाओरडा होईल, तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ट्रॉल्या चमकतील. वजनात घट आली तर आपण सगळे काट्यावर जमतो. माणसाच्या बाबतीत तेवढे दक्ष राहू नये, हे सहकाराला शोभत नाही.

आणि तरुण मुलांना सांगणे असे. लांब जावे. देश पाहावा, दुसऱ्याचे रान पाहावे, त्याने माणूस शहाणा होतो. दारातली लहान गाडी त्याला पुरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, ती मोडू नये. अशी बंदी नसलेला बाकीचा देश आपल्याला मोकळा आहे. उजेडात निघावे, उजेडात पोचावे. पन्नास-पंचावन्नाने जाणारा पोचतो, एखादा तास उशिरा पोचतो इतकेच. घर दिसू लागले म्हणून घाई करू नये. माझी चूक नेमकी तेथेच झाली.

आमच्या घरचा निकाल असा लागला. मोठी गाडी आली नाही. पहिल्या उचलीतून दोन चांगली हेल्मेटे आली, एक पुतण्याला आणि एक त्याच्या आईला. गाडीचे टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलले. पुतण्या आता पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र बघायला जायचे म्हणतो. "नाना, हंड्रेडवरच जातो, पण एकटाच जाणार," म्हणाला. मी म्हटले, जा. वाटेत रात्र पडायच्या आत कुठे थांबणार, तेवढे आधी कागदावर लिहून दे. त्याने लिहून दिले आहे. तो कागद माझ्या खिशात आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद